तीन पक्षी, तीन डोळे आणि आमच्या तालुक्याचा जनावरांचा सरकारी दवाखाना

हॉटेलांचे रिव्ह्यू ढीगभर असतात, जनावरांच्या सरकारी दवाखान्याचा रिव्ह्यू कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचा दवाखाना आहे, एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटं. नाव टाकत नाही कारण तिथे डॉक्टर एकच आहेत, नाव टाकलं की त्या कोण ते सगळ्यांना कळणार आणि मी त्यांना विचारलेलं नाही. पण असा दवाखाना तुमच्या तालुक्यातही असणारच. मी तिथे गाय-म्हैस नाही, कोंबड्या घेऊन गेले होते. दोन कोंबड्या आणि एक कोंबडा, तिघांचे डोळे बिघडलेले.

माझ्या परड्यात २३ पक्षी आहेत, बहुतेक गावठी, चार आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या), दोन गिरिराज जातीच्या. अंडी घरात खाऊन उरतात ती विकते, त्यावर महिन्याचा किराणा थोडा हलका होतो, त्यामुळे एक पक्षी गेला तरी जीवाला लागतं. जुलैत सलग आठ दिवस पाऊस थांबला नाही, कोंबड्या दिवसभर खुराड्यातच. एका सकाळी दार उघडलं तर सगळ्या धावत बाहेर आणि एक काळी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मागे कोपऱ्यात. उजवा डोळा मिटलेला, आणि त्याच बाजूच्या खांद्यावरची पिसं ओली होऊन चिकटलेली. नंतर कळलं की हीच पहिली खूण असते, कोंबडी दुखरा डोळा खांद्यावर घासते, त्यामुळे डोळा नीट दिसायच्या आधी पिसं घाण झालेली दिसतात. मी आता रोज दार उघडताना खांदेच बघते.

सासूबाई म्हणाल्या हळदीचं पाणी लाव, मी कापसाने लावलं, तलंग आणखीच घट्ट डोळा मिटून बसली. दोन दिवसांत एका आरआयआरच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस दिसायला लागला, अगदी साबणाच्या बारीक बुडबुड्यांसारखा, आणि डावा डोळा फुगून वर आलेला. मग कोंबड्याचा डावा डोळा बंद. म्हटलं साथ आली, आता सगळं खुराडं बसणार.

घाबरून बाजारात पशुखाद्याच्या दुकानात गेले, कोंबड्यांची औषधं ठेवणारं जवळचं तेवढंच आहे. मोबाईलवर फोटो दाखवले. दुकानदाराने पहिला फोटो बघितला, बाकीचे दोन बघितलेही नाहीत, म्हणाला सर्दी आहे, हे थेंब तिघांना टाका आणि ही पावडर सगळ्यांच्या पाण्यात. चारशेच्या वर बिल झालं. किती पक्षी, अंडी देतात का, कधीपासून आहे, काही म्हणजे काही विचारलं नाही. तीन दिवस तिघांना तेच थेंब टाकले. फेस तसाच, कोंबडा तसाच, आणि तलंगेचा डोळा तर पांढुरका दिसायला लागला, दुधाचा थेंब पडल्यासारखा. तेव्हा मी डालगं उचललं आणि सकाळची एसटी पकडली.

दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर मॅडम जागेवर नव्हत्या, एका वाडीत गाय अडली होती तिकडे गेलेल्या. पावणेदोन तास बसले. तिथल्या काकांनी केसपेपर काढून दिला, अगदी किरकोळ पैशात, आणि कोंबड्या आहेत म्हणून हसले नाहीत हे मला फार बरं वाटलं, कारण एसटीत दोघंतिघं म्हणाले होते की कोंबडीला कुठे दवाखान्यात नेतात, रस्सा करा. काकांनी डालगं बोकडांच्या रांगेतून उचलून आत सावलीला ठेवलं.

मॅडम आल्या, गमबुटांना चिखल तसाच, हात धुतले आणि डालग्यात डोकावून पहिलं वाक्य, ताई, तिघांना एकत्र आणलंत? घरी पण एकत्रच आहेत का? मी हो म्हटलं. म्हणाल्या आजपासून तिघं तीन ठिकाणी, वेगळं पाणी, वेगळं भांडं, आणि आधी चांगल्या कोंबड्यांना दाणापाणी मग शेवटी या तिघांकडे जायचं, उलटं नाही. तपासायच्या आधी हे सांगितलं.

मग प्रश्न सुरू झाले आणि मला तिथेच कळलं की दुकानात आणि दवाखान्यात फरक काय. एक डोळा का दोन्ही? पाणी येतंय, फेस येतोय का घट्ट येतंय? वास येतो का? शिंकतात का, रात्री खुराड्याजवळ उभं राहिलं तर घरघर ऐकू येते का? गेल्या महिन्यात बाहेरून पक्षी आणला का? खायला काय घालता? लसी कुठल्या झाल्या? आणि शेवटचा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं, सकाळी खुराड्याचं दार उघडलं की तुमचे स्वतःचे डोळे चुरचुरतात का? मी विचार केला आणि म्हटलं, हो, चुरचुरतात.

तपासताना तिघांनाही टॉवेलात पंखांसकट गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर. चोचीपाशी नाक नेऊन वास घेतला. कोरायझा नावाची सर्दी असते तिच्यात तोंड सुजतं आणि नाकातून येणाऱ्या स्रावाला कुजकट घाण वास असतो, तो एकदा आला की विसरत नाही म्हणाल्या, आपल्याकडे नव्हता. मग चोच उघडून टाळूला बॅटरी मारली. टाळूवर, घशात पांढऱ्या पुळ्या दिसल्या तर व्हिटॅमिन ए कमी पडतंय असा संशय घेतात, त्यातही पापण्यांखाली पांढरं घट्ट साचतं. आणि हे आपल्या कोकणात लक्षात ठेवण्यासारखं आहे कारण आपण पावसाळाभर कणी आणि उरलेला भात घालतो, पांढऱ्या तांदळात व्हिटॅमिन ए नसतंच. आता मी शेवग्याचा पाला आणि लाल भोपळा रोज घालते, पिवळा मका मिळाला तर तोही.

तलंगेच्या डोळ्यात त्यांनी एक केशरी रंगाची कागदाची पट्टी भिजवून हलकेच टेकवली, मग सलाईनने डोळा धुतला आणि बारीक निळा दिवा धरला. बुबुळावर हिरवा चमकता ओरखडा दिसला, तांदळाच्या तुसाएवढा. मला वाकून बघायला लावलं. म्हणाल्या हे इन्फेक्शन नंतरचं, आधी जखम आहे, एकतर भाताचं तूस गेलंय किंवा कुणी टोचलंय, आणि ओल्या खुराड्यातल्या अमोनियाने, म्हणजे विष्ठेतून सुटणाऱ्या वायूने, डोळे आधीच भाजलेले. मग दुकानातली बाटली मागितली, लेबल वाचलं. त्यात अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टिरॉइड. बुबुळावर जखम असताना स्टिरॉइड टाकलं की जखम भरत नाही, उलट खोल जाते, डोळा फुटूही शकतो. बाटली बंद. मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ती बाटली प्रेमाने टाकत होते, ऐकून पोटात गोळा आला. मॅडम मला ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की डोळ्यात काय टाकतो त्याचं लेबल बघायचं, त्यावर -सोन किंवा -सोलोन असं संपणारं नाव दिसलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय टाकायचं नाही. हळदही नाही, तिचे बारीक कण जखमेवर घासतात.

आरआयआरची गोष्ट वेगळी. ती मी महिन्यापूर्वी आठवडी बाजारातून आणून सरळ खुराड्यात सोडली होती. दोन्ही डोळ्यांत फेस, शिंका, घरघर, म्हणजे बहुतेक मायकोप्लाझ्मा, पोल्ट्रीवाले सीआरडी म्हणतात तो श्वासाचा जुनाट रोग. पक्कं करायचं तर नमुने पुण्याला औंधच्या लॅबला पाठवावे लागतात, एका कोंबडीसाठी आत्ता गरज नाही, आणखी पक्षी आजारी पडले तर पाठवू म्हणाल्या. तिच्या फुगलेल्या डोळ्यात काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलं. मॅडमनी कोमट सलाईन थेंब थेंब सोडत पापणी पाच मिनिटं नुसती भिजवली, घाई अजिबात नाही, मग ओल्या कापसाने खालून हलकंसं दाबलं आणि पापणीआडून एक पिवळट पांढरा घट्ट तुकडा सरकत बाहेर आला, हरभऱ्याच्या डाळीएवढा, हाताला पनीरसारखा. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्ट गोळा होतो, त्यामुळे वरून कितीही थेंब टाकले तरी तो तुकडा आत आहे तोवर औषध डोळ्यापर्यंत जातच नाही. तुकडा निघाल्यावर ती डोळा उघडून इकडेतिकडे बघायला लागली. कोरडं असताना ओढायचं नाही आणि घरी चिमटा तर लावायचाच नाही, पापणीची आतली कातडी फाटते.

तिला टायलोसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, पाण्यातून पाच दिवस. सोबत दोन गोष्टी बजावल्या. औषध चालू असताना आणि नंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत तिची अंडी खायची नाहीत, विकायची तर नाहीतच. आणि तिची अंडी खुडूक कोंबडीखाली कधीच ठेवायची नाहीत कारण हा रोग अंड्यातून पिल्लात जातो, वरून बरी दिसली तरी कोंबडी तो आयुष्यभर अंगात बाळगते.

कोंबड्याला बघितल्यावर त्यांनी लगेच तुरा दाखवला. तुऱ्यावरच्या तपकिरी खपल्या मला मारामारीच्या वाटल्या होत्या, त्या कोंबड्यांच्या देवी रोगाच्या निघाल्या. देवीची एक पुळी पापणीच्या कडेलाच आली होती म्हणून डोळा बंद. देवी विषाणूची असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, खपल्या ओढायच्या नाहीत, ओढल्या तर रक्त येतं आणि पडलेल्या खपलीतून रोग पसरतो. डोळा सलाईनने स्वच्छ ठेवा, खायला हाताने द्या, बाकी शरीर बरं करतं. पसरवतात मुख्यतः डास. आमच्या खुराड्यामागे फुटक्या माठात पाणी साचलेलं होतं, ते घरी येऊन पहिल्यांदा ओतलं.

म्हणजे बघा, एकाच खुराड्यातले तीन मिटलेले डोळे, कारणं तीन, औषध एकाला मलम, एकाला टायलोसिन आणि एकाला काहीच नाही. दुकानात तिघांना मिळून एक बाटली मिळाली होती. ज्याने डोळा उचकटून बघितलेला नाही त्याच्याकडून डोळ्याचं औषध घ्यायचं नाही, हे मी आता वाडीत प्रत्येकाला सांगते.

मी एक चूक करणार होते ती इथेच लिहिते. घरात पोरांचं डोळ्याचं मलम होतं, ते लावू का विचारलं. त्यांनी नाव विचारलं, क्लोरॅम्फेनिकॉल होतं. अंडी, मांस, दूध देणाऱ्या जनावरांसाठी हे औषध केंद्र सरकारने २०२५ मध्ये बंद केलंय, कोंबडीला दिलं तर त्याचा अंश अंड्यातून आपल्याच पोरांच्या पोटात. मला हे माहीतच नव्हतं आणि मला नाही वाटत आमच्या वाडीत कुणाला माहीत असेल. तलंगेला त्यांनी दुसरं, स्टिरॉइड नसलेलं मलम दवाखान्यातूनच दिलं.

धुवायचं सलाईन मेडिकलमध्ये एनएस म्हणून मागितलं की मिळतं. नाहीच मिळालं तर अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करून त्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट पाऊण छोटा चमचा, आणि रोजचं रोज नवीन करायचं. मी सकाळ-संध्याकाळ धुवायचे, प्रत्येकाला वेगळा कापूस, आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसायचं, मग तलंगेला तांदळाच्या दाण्याएवढं मलम खालच्या पापणीच्या आत. मलमाचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही. पहिल्या दिवशी एकटीला जमेना, नवऱ्याने टॉवेल धरला, तिसऱ्या दिवसापासून तलंग स्वतःच गप्प बसायला लागली.

मॅडमनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं त्याचं कारण घरी कळलं. कोंबडी डोळ्याने शोधून खाते, डोळे गेले की पुढ्यात दाणे असूनही उपाशी मरते. रोग मारत नाही, भूक मारते. कोंबड्याचं छातीचं हाड हाताला लागायला लागलं होतं. मी कणीत थोडं ताक कालवून ताटलीवर बोटाने टकटक करायचे, आवाजावर तो चोच मारायचा, सुरुवातीला चारातली एक बरोबर पडायची.

आणि खुराडं. यावर त्या औषधापेक्षा जास्त वेळ बोलल्या. सांगितलं की अमोनिया उभं राहून समजत नाही, पहाटे दार उघडायच्या आधी कोंबडी बसते त्या उंचीवर वाकून श्वास घ्या. मी दुसऱ्या दिवशी वाकले आणि डोळ्यांतून पाणी आलं, रात्रभर माझ्या कोंबड्या त्यात बसत होत्या. तूस मुठीत दाबून बघायचं, गोळा होऊन तसाच राहिला तर ओलं, उघडताच विखुरलं तर ठीक. सगळं जुनं तूस काढलं, कोरडं टाकलं, वर पत्र्याखाली वीतभर जाळी ठेवून हवा जायला वाट केली, पाण्याचं भांडं विटेवर चढवलं. चार दिवसांत वास गेला. बाकीच्या ज्या डोळे किलकिले करायच्या, मला वाटायचं झोपाळलेल्या आहेत, त्या सगळ्या औषधाशिवाय नीट बघायला लागल्या.

एक उपप्रश्न मीही विचारून घेतला, मागे पिल्लांना डोळ्यात लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, थेंब दिला तेव्हा दोन-तीन दिवस त्यांचे डोळे पाणावले, शिंकत होती, ते काय? म्हणाल्या ते लसीचं असतं, आपोआप जातं, त्यावर औषध शोधत बसू नका. पण डोळ्याबरोबर माना वाकड्या, हिरवी हगवण, तुरा निळा पडणं किंवा एका रात्रीत चार-पाच पटापट मेलेल्या दिसल्या तर डालग्यात घालून एसटीने आणायचं नाही. मानमोडी (राणीखेत) असेल किंवा बर्ड फ्लू असेल, २००६ मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा नवापूरला काय झालं ते पोल्ट्रीवाल्यांना विचारा. हात न लावता फोन करायचा, १९६२ हा पशुसंवर्धनचा फोन आहे, फिरतं पथक असतं. मी ते अजून वापरलेलं नाही त्यामुळे त्यावर रिव्ह्यू देत नाही.

आता तक्रारी, त्याही खऱ्याच आहेत. एक डॉक्टर आणि गावं इतकी की त्या बाहेर गेल्या तर दवाखाना म्हणजे फक्त काका आणि कपाट, त्या कधी येणार हे सांगायला फळ्यावर चार अक्षरं तरी लिहायला हवीत. टायलोसिन तिथे शिल्लक नव्हतं, बाहेरून घ्यावं लागलं. बसायला एकच बाक, पावसात म्हशी आणि माणसं एकाच पत्र्याखाली. लांबच्या वाडीवरून येणाऱ्या बाईचा अख्खा दिवस जातो आणि परत फॉलो-अपला यायचं म्हणजे दुसरा दिवस. मॅडमनी त्यावर स्वतःचा नंबर दिला आणि डोळ्यांचे फोटो उजेडात काढून पाठवा म्हणाल्या, पाठवले त्या प्रत्येक फोटोला संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. पण हा त्यांचा चांगुलपणा झाला, सोय नाही झाली.

तलंगेचा डोळा दहा दिवसांत उघडला, बुबुळावर मोहरीएवढा पांढरा डाग राहिलाय, त्या बाजूने हात नेला की ती बघते, म्हणजे दिसतंय. आरआयआरची घरघर थांबली, गारवा वाढला की शिंकते, तिला परसातल्या जुन्या मांगरात कायमची वेगळी ठेवलीय. कोंबड्याच्या खपल्या तिसऱ्या आठवड्यात आपोआप गळल्या, डोळा उघडला, आरवतो पहिल्यासारखा. खर्च सगळा मिळून दुकानातल्या बिलाच्या निम्म्याहून कमी, एसटीचं तिकीट धरून. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या फळ्याचा कापला.

आता देवीची लस बाकीच्यांना द्यायचीय. ती पंखाच्या पातळ कातडीत दुहेरी सुईने टोचतात आणि बाटली शंभराच्या वर डोसांची येते, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, माझ्या वीस पक्ष्यांसाठी फोडली तर बाकीची फुकट. म्हणून मॅडम म्हणाल्या वाडी गोळा करा. मी घरोघर जाऊन मोजून आले, नऊ घरं मिळून ११२ झाल्या, आजारी वगळून. पुढचा मंगळवार दिलाय, सकाळी सातला, सोडायच्या आधी. बर्फासाठी शेजारच्या काकूंनी थर्मास दिलाय आणि टोचल्यावर आठवड्याने प्रत्येकीच्या पंखाखाली पुळी उठली का ते बघायचं काम पोरांना वाटून दिलंय.